तिकाटणं

घरात चार सायकली.
दोन पोरींच्या, शाळेतून मिळालेल्या, निळ्या.
एक हिची, अंगणवाडीची.
आणि एक माझी, जिनिंगच्या तिन्ही पाळ्या पाहिलेली,
मडगार्डवरच्या नेवारेतलं फक्त ‘नेवा’ उरलेली.

रविवारी एकेक उलटी करायची.
सीट मातीत, हँडल मातीत, घंटी दर वेळी वाकडी,
चाकं आभाळाकडे.
मेलेल्या ढोरासारखं दिसते म्हणून
हिला ते दारासमोर चालत नाही.
मग मागे, उकिरड्याकडे तोंड करून मी वाकतो.
चेनचं तेल ब्रेकच्या रबरावर उतरतं
आणि कमरेतलं एक हाड
स्वतःचं नाव सांगू लागतं.

म्हणून हिंगणघाटला गेलो.
तीन हजार दोनशेचा पहिला:
तीन पाय, घडी होणारा, दांडीला धरायला जबडा,
वर हत्यारांची थाळी, थाळीत चुंबक.
खरं सांगतो, मन चुंबकावर बसलं.
किती छर्रे शोधलेत मी बॅटरी लावून, शेणात.
“वजन किती पेलते?”
“बारा-चौदा किलो, काका. हलक्या सायकलीले हाये ते.”
जबड्याला नख लावून पाहिलं. प्लास्टिक.

अठराशेचा फक्त मागचं चाक उचलतो.
चेनपुरता ठीक.
पुढच्या चाकाचा आऊट काढायचा, तर पुन्हा गुडघे.
साडेनऊशेचा भिंतीत ठोकायचा.
आमची भिंत पांढऱ्या मातीची,
खुंटीला टोपी टांगली तरी खपली पडते.
हे त्या पोराला सांगितलं नाही.
“पाहतो,” म्हणालो, आणि दोन रुपयांचे
व्हॉल्वचे रबर घेतले, उगाच, चार.

येताना जब्बारभाईकडे थांबलो.
त्यानं शेडच्या फरशीवर खडूनं स्टँड काढला:
बोअरचा जुना पाइप, खाली नांगराचा तवा, चौदाशेत.
“मरेस्तोवर हलणार नाई, नेवारे.”
तीच तर अडचण.
आमच्या अंगणात न हलणारं असं
फक्त कडुनिंबाला परवडतं.

तिकाटणं आचलला दिसलं.
ढगेच्या पडवीत आडवं, तीन बांबू, वर लोखंडी कडी.
दारोदार कापूस मोजायचा तो
याच कडीला काटा अडकवून.
हंगाम नाही, म्हणून देतो म्हणाला.

सीटखाली एक दोर, हँडलला एक.
ओढली वर.
सायकल जमिनीपासून सुटली,
जरा डोलली,
आणि हळूहळू माझ्याकडे पाठ करून थांबली.
मी पॅडलला हात लावला की ती फिरायची,
पाना लावला की पळायची.
रोहिणी तर हसून हसून खाटेवर पडली.
आचल काही बोलली नाही.
मागच्या चाकाखालून तिसरा दोर घेतला तिनं,
टोकाला वीट बांधली.
थांबली सायकल.

मग चाक फिरवलं.
एकवीस वर्षांत पहिल्यांदा
ते माझ्या डोळ्यांसमोर फिरत होतं,
आणि त्याची वाकडी चाल
मला वर मान करून दिसली.
आचल एकेक तार बोटानं छेडत गेली,
कान लावून.
“ही बोदी वाजते, बाबा. हीपण.”
मी पाना तिच्या हातात दिला.
म्हणजे दिला असं नाही. तिनं घेतला.

आता गल्लीतल्या सायकली येतात.
परवा ढगेही आला, स्वतःची पंक्चर घेऊन,
चहा पिता पिता म्हणाला,
“सीतादही झाली का मले लागन बरं तिकाटणं.”
म्हणजे दिवाळीच्या आसपास.

तुरीच्या डाळीच्या डब्यात एकोणीसशे आहेत.
अठराशेचा येतो. चौदाशेचा येतो.
हिला वाटतं, डाळ यावी.

काल आचलच्या वहीचं मागचं पान उघडं होतं:
वजन पेलणारा.
पाय तीनच.
घडी व्हावी.
चुंबक, असला तर.
आणि खाली, दुसऱ्या शाईनं, दोनदा अधोरेखित:
उंची माझ्या खांद्याएवढी. बाबांच्या नाही.